चढाई फसली, आता माणसं निवडा

१० मार्च १९१५ च्या पहाटे फ्रान्सच्या शांपान्य भागात, सुएं या गावाजवळ, ३३६ व्या पायदळ पलटणीच्या २१ व्या कंपनीला हुकूम मिळाला. संगिनी चढवा, खंदकातून बाहेर पडा आणि समोरच्या टेकाडावरचं जर्मन ठाणं घ्या. याच ठाण्यासाठी आधी झालेल्या चढाया फसल्या होत्या. त्या चढायांत पडलेल्या साथीदारांचे मृतदेह मधल्या पट्ट्यात तसेच होते. काटेरी तारा शाबूत होत्या. शत्रूचं ठाणं मोडण्यासाठी आपल्या तोफखान्याने जे गोळे सोडले, त्यांतले काही आपल्याच खंदकांपाशी येऊन फुटले. कंपनी खंदकातून बाहेर पडली नाही.

डिव्हिजनचे सेनापती जनरल रेव्हेयाक यांनी यावर काढलेला उपाय असा : तोफखान्याने आपल्याच खंदकांवर मारा करावा, म्हणजे माणसं नाइलाजाने बाहेर पडतील. तोफखान्याच्या कर्नलने सांगितलं, लेखी हुकूम द्या, मगच तोफा डागतो. लेखी हुकूम आला नाही आणि तोफाही डागल्या गेल्या नाहीत. मग कंपनीच्या कॅप्टनकडून यादी मागवण्यात आली. तीत सहा कॉर्पोरल होते, म्हणजे आपल्याकडे ज्यांना नायक म्हणतात ते, आणि अठरा शिपाई. १६ मार्चला स्विप या गावी कोर्ट मार्शल बसलं. अठरा शिपाई आणि दोन कॉर्पोरल सुटले. तेओफिल मोपा, लुई लफुलों, लुई जिरार आणि ल्युसिएं लशा या चौघांना दुसऱ्याच दिवशी आपल्याच सैन्याच्या गोळ्यांनी मारण्यात आलं.

मोपा शाळामास्तर होते. त्यांची पत्नी ब्लांश याही शिक्षिका. नवऱ्यावरचा भेकडपणाचा शिक्का पुसण्यासाठी या बाईंनी मानवी हक्क संघटनेच्या मदतीने जवळजवळ वीस वर्षं झुंज दिली. अर्ज फेटाळले गेले, वरच्या न्यायालयाने दाद दिली नाही, तरी त्या हटल्या नाहीत. अखेर अशा प्रकरणांसाठी १९३२ मध्ये कायद्याने एक विशेष न्यायालय स्थापन झालं. त्यात न्यायाधीशांबरोबर युद्धातून आलेले माजी सैनिकही बसले. ३ मार्च १९३४ रोजी या न्यायालयाने चौघांनाही निर्दोष ठरवलं. भरपाई म्हणून विधवांच्या हातावर नाममात्र एक फ्रँक पडला.

ही बातमी न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात छापून आली, तिच्या मथळ्यात भरपाईचा आकडा होता : सात सेंट. हम्फ्री कॉब नावाच्या लेखकाने ती वाचली. कॉब कोवळ्या वयात कॅनडाच्या सैन्यातून पहिल्या महायुद्धात लढून आले होते. त्यांनी १९३५ मध्ये 'पाथ्स ऑफ ग्लोरी' ही कादंबरी लिहिली आणि १९५७ मध्ये स्टॅन्ली कुब्रिक यांनी तिच्यावर त्याच नावाचा चित्रपट केला. जेमतेम दीड तासाचा, कृष्णधवल. लढाईचं दृश्य त्यात आहे आणि ते अंगावर येतं, पण चित्रपटाचा खरा विषय लढाई संपल्यावर सुरू होतो. सैन्यातला अन्याय कसा घडतो, कोणत्या पायऱ्यांनी वर चढतो आणि कोणाच्या दारात जाऊन थांबतो, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा चित्रपट मी पाहिलेला नाही.

सुरुवात होते ती एका आलिशान वाड्यात. चित्रीकरण म्युनिकजवळच्या श्लाइसहाइम राजवाड्यात झालं आहे. जनरल ब्रुलार हा वरचा सेनानी जनरल मिरोकडे येतो. 'अँट हिल' नावाचं ठाणं परवाच्या आत घ्यायचं आहे, असं सांगतो. मिरो आधी म्हणतो, अशक्य. माझ्या माणसांत तेवढी ताकद उरलेली नाही. ब्रुलार वाद घालत नाही. तो सहज बोलल्यासारखा बढतीचा विषय काढतो. मिरो दोन-चार पावलं चालतो, माणसांच्या जिवाची आपल्याला किती किंमत आहे हे बोलून दाखवतो आणि तेवढ्या वेळात अशक्य ते शक्य होऊन जातं. कुठेही लाच नाही, धमकी नाही. पुढे जे काही होतं त्याचं मूळ या पाच मिनिटांत आहे आणि कोणत्याही खटल्याच्या कागदपत्रात ही पाच मिनिटं कधीच येत नाहीत. युद्धपटाचं मोल मला इथे वाटतं. इतिहासकाराला हुकूम सापडतो, त्याच्याआधीचं बोलणं सापडत नाही. दिग्दर्शक ते बोलणं कल्पनेने उभं करतो आणि मग हुकमाचा अर्थच बदलतो.

पुढचं दृश्य खंदकातलं. मिरो चढाईचा हिशेब कर्नल डॅक्सला सांगतो. पाच टक्के आपल्याच तोफांच्या माऱ्यात जातील, दहा टक्के मोकळ्या पट्ट्यात, वीस टक्के तारांपाशी, आणखी पंचवीस ठाणं घेताना. उरलेली माणसं ठाणं राखायला पुरेत. बेरीज साठ होते. ती बेरीज मिरो तोंडाने उच्चारत नाही. निम्म्याहून जास्त माणसं मरणार, हे डॅक्सलाच म्हणावं लागतं. डॅक्सची भूमिका कर्क डग्लस यांनी केली आहे. पण डॅक्सचाही दोष इथे लपत नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्याला हुकूम चुकीचा दिसतो, तो विरोधही करतो, पण पलटण आपल्या हातून काढून घेतली जाईल म्हटल्यावर चढाईला तयार होतो. सज्जन अधिकाऱ्याची सज्जनता नेमकी कुठे अपुरी पडते, ते या एका होकारात दिसतं.

चढाई फसते. एक कंपनी तर तोफांच्या भडिमारामुळे खंदकाबाहेरच पडू शकत नाही. मिरो आपल्याच खंदकांवर तोफा डागायला सांगतो आणि बॅटरीचा कॅप्टन लेखी हुकूम मागतो. सुएंमधलं वास्तव इथे जवळजवळ जसंच्या तसं पडद्यावर आलं आहे. मग वाड्यातल्या खोलीत शिक्षेची घासाघीस होते. मिरोला प्रत्येक कंपनीतली दहा माणसं हवी असतात. ब्रुलार म्हणतो, इतकं ताणू नये, डझनभर पुरेत. आठवडी बाजारात दर खाली यावा तसा आकडा उतरत उतरत तीनवर येतो, पहिल्या लाटेतल्या प्रत्येक कंपनीतून एक. डॅक्स म्हणतो, मग मलाच उभं करा. ते कोणी मनावर घेत नाही, कारण अधिकाऱ्याला उभं केलं तर हुकमाची चौकशी करावी लागेल.

आता ती तीन माणसं कशी निवडली जातात ते पाहा. कॉर्पोरल पॅरिसची निवड लेफ्टनंट रोजे करतो. रात्रीच्या टेहळणीत दारूच्या अमलाखाली घाबरून रोजेने हातगोळा फेकला होता. त्यात त्याचाच शिपाई मेला आणि ते पॅरिसने पाहिलं होतं. साक्षीदारालाच आरोपी केलं की प्रश्न मिटतो. शिपाई आर्नोची चिठ्ठी निघते. शौर्याबद्दल त्याचं नाव आधी नोंदलं गेलेलं असतं, पण चिठ्ठीला ते ठाऊक नसतं. तिसरा फेरोल. समाजाला नकोसा माणूस, एवढंच त्याच्या निवडीचं कारण. कोणी काय केलं याचा विचार यात कुठेच नाही. गुन्हा आधी ठरला, शिक्षा ठरली, संख्या ठरली. गुन्हेगार सगळ्यात शेवटी शोधले गेले.

खटल्याचं दृश्य मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. काळ्या-पांढऱ्या चौकटींची चकचकीत फरशी, प्रचंड दालन, त्यात एका बाजूला तीन शिपाई. आरोपपत्र वाचायची गरज नाही, असं अध्यक्ष म्हणतात. कामकाजाची नोंद ठेवली जात नाही. आर्नोच्या आधीच्या शौर्याचा पुरावा असंबद्ध ठरतो. फेरोलला विचारलं जातं, तू पुढे का गेला नाहीस? तो सांगतो की कंपनीतले सगळे मेले होते, मी आणि आणखी एकच जण उरलो होतो. म्हणजे माघारी फिरलास, एवढंच टिपलं जातं. कोणी आरडाओरडा करत नाही. न्यायाधीश क्रूर वाटत नाहीत, घाईत असल्यासारखे वाटतात.

ही घाई कायद्यातच होती. सप्टेंबर १९१४ मध्ये, जर्मन फौजा पॅरिसच्या रोखाने येत असताना, फ्रेंच सरकारने विशेष युद्धन्यायालयांना परवानगी दिली. न्यायाधीश तिघेच, प्राथमिक चौकशी जवळजवळ नाही, अपील नाही आणि शिक्षेची अंमलबजावणी चोवीस तासांत. सैन्यात दहशत बसावी हा हेतू उघड होता. संपूर्ण युद्धात फ्रान्सने आपल्या सहाशेहून अधिक सैनिकांना हुकूम मोडल्याबद्दल गोळ्या घातल्या. त्यांतले बहुतेक १९१४ आणि १९१५ या दोन वर्षांतले. एप्रिल १९१६ मध्ये ही न्यायालयं कायद्याने बंद झाली. तेव्हा सुएंच्या खटल्यात नियम डावलले गेले, असं म्हणून सुटका होत नाही. जवळपास सगळं नियमानुसार झालं. चढाईचा हुकूम देणारा, तिच्या अपयशाचा ठपका ठेवणारा आणि खटला उभा करायला लावणारा माणूस एकच होता, आणि न्याय द्यायला बसलेले अधिकारी बढती-बदलीसाठी त्याच साखळीवर अवलंबून होते. अशा रचनेत सेनापतीची चूक वर जाण्याचा रस्ताच नसतो. ती उताराने खाली येते आणि ज्याच्या खाली कोणी नाही त्याच्यापाशी थांबते.

म्हणूनच माझ्या लेखी या चित्रपटातला धोकादायक माणूस मिरो नाही. मिरो उद्दाम आहे, बॉम्बच्या धक्क्याने भ्रमिष्ट झालेल्या शिपायाच्या थोबाडीत मारतो. त्याचा राग येणं सोपं आहे. अडॉल्फ मेंजू यांनी रंगवलेला ब्रुलार हसतमुख, मृदू, उत्तम यजमान आहे. आपल्याच सैन्यावर तोफा डागण्याच्या हुकमाचे सह्यांनिशी जबाब डॅक्स त्याच्या हातात देतो. ब्रुलार ते ठेवून घेतो, तिघांना सकाळी गोळ्या घालू देतो आणि नंतर न्याहारीच्या टेबलावर मिरोला सांगतो की तुमची चौकशी होईल. मिरोची जागा तो डॅक्सला देऊ करतो. डॅक्सने हा सगळा खटाटोप त्या जागेसाठीच केला, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. डॅक्स संतापतो तेव्हा ब्रुलारला त्याची कीव येते. माणसं वाचवण्यासाठी कोणी एवढं करेल, हे त्याच्या हिशेबात बसतच नाही.

इथे चित्रपट वास्तवापेक्षा दयाळू झाला आहे. पडद्यावरच्या मिरोची निदान चौकशी तरी होते. खऱ्या रेव्हेयाक यांना १९१६ मध्ये आघाडीवरून बाजूला करण्यात आलं, खटला मात्र त्यांच्यावर कधीच चालला नाही. उलट लेजन दॉनर या फ्रान्सच्या सर्वोच्च सन्मानातली वरची श्रेणी त्यांना मिळाली.

चित्रपट आला तेव्हा फ्रान्स अल्जीरियात लढत होता आणि तिथे फ्रेंच सैन्याने चालवलेल्या छळाच्या बातम्या बाहेर येऊ लागल्या होत्या. चाळीस वर्षांपूर्वीच्या सेनापतींबद्दलचा चित्रपट त्या वेळी सरकारला झोंबला, यात नवल नाही. फ्रान्समध्ये त्यावर औपचारिक बंदी घालावीच लागली नाही. दडपणापुढे नमून वितरकांनी तो सेन्सॉरकडे नेलाच नाही. १९५८ च्या बर्लिन महोत्सवात तो दाखवला तर आम्ही बाहेर पडू, असा इशारा फ्रान्सने दिला. फ्रेंच प्रेक्षकांना तो चित्रपटगृहात पाहायला मिळाला १९७५ मध्ये. स्पेनमध्ये तर १९८६ उजाडलं.

सुएंचे चौघे निरपराध होते, त्यामुळे आपल्या मनात गोंधळ होत नाही. ब्रूस बेरेसफोर्ड यांचा 'ब्रेकर मोरांट' (१९८०) हा ऑस्ट्रेलियन चित्रपट मात्र जास्त अवघड जागी नेतो. दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि बोअर यांच्यात युद्ध चालू असताना हॅरी मोरांट आणि पीटर हँडकॉक या इंग्रजांच्या बाजूच्या दोन लेफ्टनंटांनी शरण आलेल्या बोअर कैद्यांना मारलं, मारायला लावलं. २७ फेब्रुवारी १९०२ रोजी प्रिटोरियात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. तिसरा अधिकारी जॉर्ज विटन जन्मठेपेवर गेला आणि १९०४ मध्ये सुटला. कैदी पकडू नयेत असा वरून तोंडी हुकूम होता, असा त्यांचा बचाव होता. वरच्या अधिकाऱ्याने असा हुकूम दिल्याचं नाकारलं. चित्रपटात सरसेनापती लॉर्ड किचनर यांना तहाची बोलणी सुरळीत व्हावीत म्हणून दोन बळी हवे आहेत.

ऑस्ट्रेलियात या चित्रपटाने मोरांटला जवळजवळ हुतात्मा करून टाकलं. मला ते पटत नाही. नि:शस्त्र माणसांना मारलं गेलं होतं आणि मारणाऱ्यांनी ते नाकारलंही नव्हतं. माणूस दोषी असतो आणि तरीही बळीचा बकरा असू शकतो, ही या प्रकरणातली खरी गोष्ट आहे. त्याच युद्धात किचनर यांच्या धोरणाने शेतं जाळली गेली, बायकामुलांना छावण्यांत कोंडलं गेलं आणि तिथे वीस हजारांहून अधिक बोअर स्त्रिया व मुलं रोगराईने मेली; कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या छावण्यांतही हजारो दगावले. त्याबद्दल कोर्ट मार्शल कोणाचंच झालं नाही. दोन लेफ्टनंटांच्या मृत्युदंडावर शिक्कामोर्तब किचनर यांनीच केलं. ऑस्ट्रेलियाने मात्र १९०३ च्या आपल्या संरक्षण कायद्यात मृत्युदंडावर बंधनं घातली आणि गव्हर्नर-जनरलची मान्यता आवश्यक केली. पहिल्या महायुद्धात शंभरहून अधिक ऑस्ट्रेलियन सैनिकांना कोर्ट मार्शलने मृत्युदंड ठोठावला, पण ऑस्ट्रेलियन सैन्यात एकाचाही अमलात आला नाही. ब्रिटिशांनी त्याच युद्धात पळून जाणं, भेकडपणा अशा गुन्ह्यांसाठी तीनशेहून अधिक सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांना माफी मिळाली २००६ मध्ये.

मोरांटला गोळ्या घातल्या त्याच वर्षाच्या अखेरीस किचनर हिंदुस्थानात सरसेनापती म्हणून आले. मुंबई इलाख्यातल्या जुन्या पलटणींना १०३, ११०, ११७ मराठा हे क्रमांक त्यांच्याच फेररचनेत मिळाले. या तिन्ही पलटणी पुढे सहाव्या म्हणजे पुणे डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, गेल्या. १९१५ च्या अखेरीस तिथल्या फौजेचे सेनापती जनरल निक्सन यांनी बगदादवर चाल करायचा आग्रह धरला. पुणे डिव्हिजनचे जनरल टाउनशेंड यांना पुरेशी कुमक आणि वाहतूक नाही हे दिसत होतं. त्यांनी शंका नोंदवल्या आणि ते निघाले. बगदादच्या अलीकडे टेसिफॉनच्या लढाईत हजारो माणसं पडली. मागे हटलेली डिव्हिजन कूत इथे तुर्कांच्या वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने शरण गेली. शिपायांना वाळवंटातून चालवत नेऊन रेल्वेच्या कामाला जुंपण्यात आलं आणि त्यांतले हजारो परतले नाहीत. टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिले आणि कैदेत असतानाच 'सर' झाले.

टेसिफॉनच्या जखमींना नदीतून बसऱ्याला आणणाऱ्या बोटींपैकी एक होती 'मेजिदिए'. मेजर कार्टर नावाचे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे डॉक्टर धक्क्यावर होते. बोटीच्या कडांवरून दोरखंड लोंबताहेत, असं त्यांना लांबून वाटलं. जवळ आल्यावर कळलं की ती वाळलेली विष्ठा आहे. आमांशाने आणि जखमांनी खिळलेली माणसं डेकवर दाटीवाटीने टाकलेली होती, ना गाद्या, ना शौचाची सोय. कार्टर यांनी पाहिलं ते लिहून कळवलं. वरिष्ठांनी त्यांना बोलावून उलट दमात घेतलं, नसती लुडबूड करणारा म्हटलं आणि नेमणूक काढून घेण्याची धमकी दिली. १९१७ च्या मेसोपोटेमिया आयोगाने त्यांची साक्ष अहवालात घेतली, निक्सन यांच्यासह अनेक बड्यांवर ठपका ठेवला. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. सेनापतींपैकी कोणीही न्यायासनासमोर उभा राहिला नाही. 'मेजिदिए'चे जखमी, कार्टर यांची तंबी आणि आयोगापुढची साक्ष, हे सगळं छापील अहवालात आहे. पुणे डिव्हिजनमध्ये आपल्या गावोगावचे शिपाई होते. मराठी दिग्दर्शकाने हा विषय हातात घ्यावा, असं मला फार वाटतं.

घ्यायचा झाला तर एक मोह टाळावा लागेल. 'अ फ्यू गुड मेन' (१९९२) या हॉलिवूडपटात आणि त्याच वळणाच्या 'शौर्य' (२००८) या हिंदी चित्रपटात वकील उलटतपासणीत वरिष्ठ अधिकाऱ्याला इतकं डिवचतो की तो भर कोर्टात सगळं कबूल करतो. के के मेनन यांचा ब्रिगेडियर विसरता येत नाही, हे खरं. पण त्या कबुलीने प्रेक्षकाला वाटतं, एक वाईट माणूस पकडला गेला आणि व्यवस्था स्वच्छ झाली. रेव्हेयाक यांनी काही कबूल केलं नाही, निक्सन यांनी केलं नाही. ब्लांश मोपा यांना जे मिळालं ते कोणाच्या कबुलीने मिळालं नाही. सेनेच्या साखळीबाहेरचं एक न्यायालय उभं राहिलं म्हणून मिळालं.

आपल्याकडेही हा प्रश्न बराच काळ लोंबकळत होता. कोर्ट मार्शलच्या निकालावर सैनिकाला रीतसर अपिलाची एकही पायरी नाही, अशी खंत सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या एका निकालात व्यक्त केली होती. तोवर वरिष्ठांकडे विनंतीअर्ज, नाहीतर उच्च न्यायालयात रिट, एवढेच मार्ग होते. २००७ च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण स्थापन झालं आणि २००९ पासून त्याचं काम सुरू झालं. त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. तिथे लष्करी सेवेतून निवृत्त झालेल्या सदस्याच्या जोडीला न्यायालयातून आलेला न्यायाधीश बसतो, आणि शिक्षा झालेल्या शिपायाला आपली बाजू अशा माणसापुढे मांडता येते, ज्याची बढती त्या हुकूम देणाऱ्याच्या हातात नाही.